उजवीकडे दोन बोटं, डावीकडे तीन

१

पुढचं डावं चाक गाडीपासून वीस पावलांवर, बांबूच्या बेटात सापडलं. गाडी घाटातल्या दरडीवर नाक आपटून थांबली होती. आत हायाती होती, घाटापलीकडच्या शाळेत गणित शिकवणारी, वय एकेचाळीस. रस्ता कोरडा होता, दुपारचे अडीच वाजले होते, आणि मागून येणाऱ्या लॉरीवाल्याने सांगितलं की बाई सावकाशच चालली होती. वळणावर गाडीचा पुढचा डावा कोपरा एकदम खाली बसला, एवढंच त्याने पाहिलं.

पोलिसांच्या कागदात असं आलं: गाडीला कंपनीचं नव्हे, बाहेरून घेतलेलं सस्पेन्शन बसवलेलं होतं, डावा शॉक अॅब्सॉर्बर खालच्या ब्रॅकेटमधून निसटला, बसवणारं गॅरेज, लाय ब्रदर्स, सेरेम्बान.

कदिरवेलने हे पेपरात वाचलं, पेपराची घडी घातली आणि बाजूला ठेवला. एकोणतीस वर्षं तो सरकारी तपासणी केंद्रात गाड्यांच्या पोटाखाली उभा राहून पास-नापास करत आला होता. निवृत्तीनंतर त्याला गाड्यांबद्दल काही ऐकायचं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी बायको तिलगा गेली, आणि त्यानंतर त्याला कशाबद्दलच काही ऐकायचं नव्हतं. घरात बसवत नव्हतं, बाहेर गेलं की घरी यावंसं वाटायचं. दिवसातून चार वेळा तो फाटकाची कडी घालायचा आणि काढायचा.

अपघाताच्या अडतिसाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, तो अशीच कडी काढत असताना लाय ब्रदर्सची मालकीण समोर उभी राहिली. ब्रदर्स कोणी उरले नव्हते. बाप आणि काका दोघेही गेले होते, गॅरेज एकटी स्यू फाँग चालवत होती. चौतीस वर्षांची, नखांत ग्रीस, डोळ्यांखाली काळं.

"अंकल, सोमवारी माझ्यावर गुन्हा दाखल करणार आहेत. माझ्या हलगर्जीपणाने बाई मेली म्हणून. गॅरेजला आजच सील लावलं."

"नीट बसवलं होतंस का?"

"नीट बसवलं होतं."

"मग घाबरतेस कशाला?"

"तुम्ही तुमच्या नोकरीत नीट असलेल्या किती गाड्या नापास केल्यात?"

कदिरवेलला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं. "केल्या असतील. तुझ्या बापाच्याच दोन केल्या होत्या."

"तीन. मरेपर्यंत मोजून दाखवायचा." तीही हसली, मग थांबली. "वकील म्हणतो, गुन्हा कबूल करून टाक, शिक्षा कमी होईल. पण अंकल, मी तिला मारलेलं नाही. आणि मारलं असेल तर तेही मला कळलं पाहिजे. मला झोप लागत नाहीये."

त्यालाही लागत नव्हती. तो चपला घालूनच होता. त्याने गाडीची किल्ली घेतली.

डाव्या सीटवर एक जाड, हिरव्या कापडाची उशी होती, तिलगाने शिवलेली. स्यू फाँग ती उचलून मागे ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "राहू दे. तिच्यावरच बस."

ती बसली. "मस्त उंच आहे," ती म्हणाली.

२

पोलीस ठाण्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी ताडपत्रीखाली होती. तिथला हवालदार कदिरवेलला ओळखत होता. त्याचीही मोटारसायकल एकदा नापास झाली होती. "हात लावायचा नाही अंकल, बघा फक्त," म्हणून तो चहाला गेला.

कदिरवेल खाली वाकला. गुडघे कुरकुरले. आधी त्याने न तुटलेली, उजवी बाजू पाहिली.

या जातीचा शॉक अॅब्सॉर्बर म्हणजे एक जाड नळी. नळीच्या खालच्या भागावर बाहेरून आटे पाडलेले असतात, आणि चाकाला धरणारा ब्रॅकेट त्या आट्यांवर बरणीच्या झाकणासारखा बसतो. ब्रॅकेट आत फिरवला की गाडी खाली बसते, बाहेर फिरवला की वर उठते. हवी ती उंची आली की एक जांभळी रिंग ब्रॅकेटवर घट्ट आवळायची. पोरांना ही सोय फार आवडते.

"बसवल्यावर तू काय काय करतेस? जसंच्या तसं सांग."

"आट्यांना पांढरं ग्रीस. मग ब्रॅकेट पुरेसा आत घ्यायचा. रिंग आकडीच्या पान्याने आवळायची. शेवटी रिंगेवरून ब्रॅकेटवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. बाबा ओढायचे, म्हणून मीही ओढते. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, कोणीतरी फिरवलंय."

"इकडे ये. बघ."

पिवळी रेघ तुटलेली होती. तिचा एक तुकडा रिंगेवर पुढे आला होता, दुसरा ब्रॅकेटवर मागे राहिला होता. त्याच्या वरच्या आट्यांवर आधी रस्त्याची काळी धूळ बसलेला भाग होता, आणि त्याखाली ब्रॅकेटपर्यंत एक स्वच्छ पट्टा. आट्यांत पांढरं ग्रीस अजून तसंच. कदिरवेलने बोटं हवेत धरून मापलं.

"दोन बोटं. तू बसवलंस तेव्हा हा पट्टा ब्रॅकेटच्या आत होता. नंतर कोणीतरी गाडी दोन बोटं वर उचलली. आणि अपघाताच्या अगदी थोडं आधी, नाहीतर ग्रीसवर धूळ बसली असती."

डावी नळी एका खोक्यात वेगळी ठेवली होती. तिच्यावरचा स्वच्छ पट्टा तीन बोटांहून जास्त होता. त्याखाली, अगदी टोकाला, चार आटे सोलून निघाले होते.

"चार," स्यू फाँग पुटपुटली. "फक्त चार आट्यांवर बाई घाट उतरत होती." तिने नळीवरच्या एका कोरीव खाचेकडे मान वळवली. "ही खाच आहे ना अंकल, ती कायम ब्रॅकेटच्या आत झाकलेली राहायला हवी. ती बाहेर दिसली की पकड कमी पडली म्हणून समजायचं. पोलिसांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, मग तूच बाहेर ठेवलीस."

कदिरवेल रिंगेकडे पाहत होता. रिंगेच्या खाचांवर ठोकल्याचे वण होते. आकडीच्या पान्याचे नव्हते. पेचकशाचेही नव्हते, पेचकशाने सरळ रेघ उमटते. हे वण गोल होते, बोथट, अंगठ्याच्या जाडीचे. जांभळा रंग तिथे उडाला होता.

कुठल्याही गॅरेजात कोणी असलं हत्यार वापरत नाही. तो उठून उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. काहीतरी आठवत होतं, काय ते कळत नव्हतं.

३

मेलेल्या बाईचा भाऊ बदरुल पहिल्या दिवसापासून सांगत सुटला होता की सस्पेन्शनच नकली होतं, लोगनच्या दुकानातून आलेलं. म्हणून शनिवारी सकाळी कदिरवेल आधी लोगनकडे गेला. एकटाच गेला.

लोगन काउंटरवर बसून रोटी चनाई खात होता. "या अण्णे! तुम्ही पण मला फाशी द्यायला आलात? रांगेत उभे राहा, पुढे पोलीस आहेत, त्या बदरुलची आई आहे, माझी स्वतःची आई आहे."

"सेट खरा होता का?"

लोगनने हात पुसले आणि आतून दोन नळ्या आणून काउंटरवर आपटल्या. "डोळे मिटा. दोन्ही उचला."

एक जड होती, एक हलकी.

"हलकी ती नकल. आता वेल्डिंग बघा. हिचं बघा, म्हातारीने लाडू वळल्यासारखं. आणि हिचं बघा, नाण्यावर नाणं ठेवल्यासारखं. खरीला खाच आहे, नकलेला नाही. खरीच्या नळीवरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर एकच. झाम्रीला ना, हलकीच आवडली होती. रंग भडक होता. स्यू फाँगने ती त्याच्या हातातून काढून घेतली. म्हणाली, ही बसवायची असेल तर दुसरं गॅरेज शोध. माझ्या देखत. आता तिलाच आत टाकतायत."

झाम्री म्हणजे हायातीचा नवरा. समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर काम करायचा. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. अपघात झाला तेव्हा तो फलाटावर होता. गाडी त्याची, लाडाची. बायकोची छोटी गाडी बंद पडली म्हणून त्या आठवड्यात ती ही चालवत होती.

कदिरवेलने शेडमध्ये पाहिलेला नंबर लोगनच्या वहीशी ताडून पाहिला. जुळला. माल खरा होता. वेल्डिंगही कुठे तुटलेलं नव्हतं.

"मग कोणी फिरवलं असेल रे?"

लोगनने रोटीचा शेवटचा तुकडा डाळीत बुडवला, पण तोंडात घातला नाही. "अण्णे, स्यू फाँग चांगली पोरगी आहे. पण तिने तुम्हाला सगळं सांगितलंय का? हायाती, ती शाळेतली चिकगू, तिच्या गॅरेजात गेली होती. सोमवारी. मेली त्याच्या दोनच दिवस आधी. मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. विचारा तिला, कशाला आली होती ते."

४

स्यू फाँग सील लावलेल्या शटरसमोर पायरीवर बसली होती. कदिरवेल गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून म्हणाला, "सोमवारी ती तुझ्याकडे आली होती."

तिने पायरीवरचा एक खडा उचलून रस्त्यावर टाकला.

"आली होती. म्हणाली, ‘गाडी थोडी वर कर गं, मला उतरता येत नाही, गुडघा धरतो. शाळेच्या गतिरोधकावर पोट घासतं, पोरं हसतात.’ मी म्हटलं, मालकाला विचारल्याशिवाय मी हात लावत नाही. झाम्रीला फोन करा. आणि तसंही शनिवारपर्यंत मला वेळ नाही, चार गाड्या आधीच्या आहेत. ती म्हणाली, बरं. शनिवारी येते."

"लपवलंस का?"

"सांगितलं असतं तर पोलीस म्हणाले असते, झालं, हिनेच वर केली. आणि दुसरं म्हणजे..." तिने नाक पुसलं. "अर्ध्या तासाचं काम होतं अंकल. तेव्हाच करून दिलं असतं तर ती जिवंत असती. चार गाड्या! त्यातल्या एकीला नुसता हॉर्न बसवायचा होता."

कदिरवेलला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. अशी वाक्यं त्याच्या घरातही फिरत होती, रोज. उद्या जाऊ डॉक्टरकडे, आज गर्दी असेल, असं तोच तिलगाला म्हणाला होता.

"गाडीत बस," तो म्हणाला. "शाळेत जाऊ."

शाळेला सुट्टी होती, पण फाटकावरचा म्हातारा मान, ज्याला सगळे पाकचिक म्हणजे काका म्हणत, तिथेच राहायचा. त्याने त्या आठवड्याचा दिवसन्‌दिवस सांगितला, कारण तो स्वतःशी पुष्कळ वेळा आठवून बसला होता.

"सोमवारी घासली. मंगळवारी घासली, आवाज केवढा! चिकगू उतरायच्या तेव्हा मी हात द्यायचो. एक हात माझा, एक हात दाराला. म्हणायच्या, ‘पाकचिक, या गाडीतून उतरायचं म्हणजे विहिरीतून वर यायचं.’ बुधवारी सकाळी गतिरोधकावर गाडी अलगद आली. आवाज नाही, काही नाही. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, आज नको. आपल्या आपण उतरल्या." म्हाताऱ्याने पुढे केलेला हात तसाच धरून दाखवला. "बुधवारीच गेल्या."

मंगळवारी सकाळी घासली, बुधवारी सकाळी नाही. म्हणजे काम मंगळवारी झालं, शाळा सुटल्यानंतर.

"मंगळवारी त्या थेट घरी गेल्या होत्या का?"

"थेट. म्हणाल्या, आज भाऊ यायचाय घरी, त्याला आवडते म्हणून लापशी करायचीय."

स्यू फाँगने कदिरवेलकडे पाहिलं. कदिरवेल आधीच गाडीकडे निघाला होता.

५

झाम्रीच्या घरासमोर मांडव चढत होता. उद्या चाळिसावा दिवस. दुआ आणि जेवण. बदरुलचा धंदाच मांडवाचा. लग्न असो की मयत, पंचक्रोशीत कापड त्याचंच. तो घामाने भिजून दोर ओढत होता. मधेच दोन पावलं मागे जायचा, एक डोळा मिटून मांडवाची कड पाहायचा, पुन्हा पुढे येऊन ताण वाढवायचा.

स्यू फाँगला त्याने गाडीतच ओळखलं. "ए! ती बाई इथे आणायची नाही! माझ्या बहिणीला मारलं तिने!"

"ती उतरत नाही," कदिरवेल म्हणाला. "मी उतरतो. मी झाम्रीला भेटायला आलोय. माझीही बायको गेलीय."

बदरुल दोराकडे वळला.

झाम्री गाडी उभी करायच्या ओट्यावर, रिकाम्या जागेत बसला होता. पुढ्यात रंबुतानच्या फळांची परडी होती. त्याने एक सोललं आणि खायचं विसरला.

"अंकल, किती दिवस असं राहतं?"

"माहीत नाही. माझे आठ महिने झाले. तुला कळलं तर मला सांग."

झाम्रीने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"सस्पेन्शनबरोबर आकडीचे पाने मिळतात. कुठे आहेत?"

"हत्यारांच्या पेटीत. पेटीला कुलूप, किल्ली माझ्या जुडग्यात. जुडगा माझ्याबरोबर फलाटावर होता. का?"

"असंच."

म्हणजे ज्याने रिंग फिरवली त्याच्याकडे पाने नव्हते. स्यू फाँगकडे तर भिंतभर पाने होते. कदिरवेलने परडीतलं एक रंबुतान उचललं, आणि ते त्याच्या हातून सुटलं. ओट्यावर पडलं, क्षणभर थांबलं आणि मग आपलं आपण डावीकडे घरंगळत गटारात गेलं.

तो तिथेच पाहत राहिला.

"ओट्याला उतार आहे?"

"पाणी वाहून जायला. का?"

"गाडी कशी उभी करायचास? नाक आत?"

"नाक आत. कायम."

नाक आत, डावी बाजू गटाराकडे, डावी बाजू सखल. अशा जागी उभ्या गाडीकडे लांबून पाहिलं तर ती डावीकडे कललेली दिसणार. डोळ्याला सरळ दिसावी म्हणून डावी बाजू आणखी वर घ्यावी लागणार. उजवीकडे दोन बोटं, डावीकडे तीन. स्यू फाँगच्या गॅरेजची फरशी पाणी ओतलं तरी कुठे वाहणार नाही अशी सपाट होती. हे काम तिथे झालंच नव्हतं. ते इथे झालं होतं, या ओट्यावर.

मागे ठण्ण ठण्ण आवाज आला. बदरुल मांडवाच्या दोरासाठी लोखंडी मेख जमिनीत ठोकत होता. शेजारी पडलेल्या दुसऱ्या मेखेचं टोक गोल होतं, बोथट, अंगठ्याएवढं जाड.

६

रविवारी जेवणं झाली, माणसं पांगली. बायका आत भांडी घासत होत्या. आतून हायातीच्या आईचा आवाज येत होता. ती कोणाला तरी पुन्हा पुन्हा पाणी घ्या म्हणत होती. बदरुल एकटाच मांडव सोडत होता. कदिरवेल त्याच्याजवळ गेला आणि कापडाचं दुसरं टोक धरलं.

"सोडा अंकल, तुम्हाला जमायचं नाही."

"तुझ्या मांडवाला आठ दोर आहेत. सात मेखा आहेत. आठवा दोर पेरूच्या झाडाला बांधलायस."

"हरवली एक."

"कधी?"

"लक्षात नाही. मेखा हरवतातच."

"मांडववाल्याच्या? मी काल रात्री तुझ्या शेजाऱ्यांना विचारलं. म्हणाले, बदरुल एक मेख कमी भरली तर मध्यरात्री जाऊन उकरून आणतो."

बदरुलने कापड खाली टाकलं. "तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही. मी गाड्या नापास करायचो." कदिरवेलने प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसला. "मी सांगतो, चुकलं तर थांबव. मंगळवारी संध्याकाळी तू इथे जेवायला आलास. हायाती म्हणाली, गाडी थोडी वर कर. पाने कुलपात होते. तू तुझी मेख घेतलीस, हातोडीने रिंग ठोकून सैल केलीस. जॅकवर चढवून नळी फिरवलीस. दोन्हीकडे दोन-दोन बोटं. मग फाटकापाशी जाऊन पाहिलंस, तर गाडी तिरकी दिसली."

बदरुलने खाली पडलेलं कापड पायाने बाजूला सारलं.

"मांडव उभा करताना करतोस तसंच केलंस. लांबून पाहायचं, एक डोळा मिटायचा, सरळ दिसेपर्यंत ओढायचं. मांडव डोळ्याने सरळ करतात. पण उतार ओट्याला होता बदरुल, गाडीला नव्हता. डावीकडे आणखी एक बोट वर घेतलंस. ते शेवटचं बोट होतं."

मांडवाची एक कनात वाऱ्याने फडफडत राहिली. बदरुल चालत त्याच्या व्हॅनकडे गेला. कदिरवेलला वाटलं, तो पळून जाणार. पण त्याने सीटखाली हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली मेख आणून खुर्चीसमोर ठेवली. टोकाला जांभळा रंग होता.

"टाकून देता येईना," तो म्हणाला. "तीन वेळा नदीवर गेलो."

"खाच दिसली नाही तुला?"

"दिसली. मला वाटलं, शोभेची आहे. या सेटवर सगळंच शोभेचं असतं, रंग काय, अक्षरं काय." तो जमिनीवर बसला. "ती म्हणाली, ‘बदू, दोन बोटं वर कर रे. झाम्री येईल त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा खाली कर. त्याला कळायचंही नाही, उगाच नाराज होतो.’ वर केल्यावर तीन वेळा बसून उतरून दाखवलं तिने मला. लहान मुलीसारखी. म्हणाली, बघ, हात न धरता!"

"आणि मग स्यू फाँगचं नाव घेत सुटलास."

"पोलीस म्हणाले, ब्रॅकेट निसटला. मी घरी जाऊन मेख पाहिली, रंग पाहिला. आई समोर बसली होती. तिची मुलगी गेली होती अंकल, मुलगा कसा घालवू? म्हटलं, ती चिनी बाई आपली कोण? दंड भरेल, सुटेल."

"सुटणार नाही. उद्या तिला नेतील. तिच्या बापाच्या नावाची पाटी आहे त्या गॅरेजला. तिला रात्रीची झोप लागत नाही, कारण तिला वाटतं चूक तिचीच. तुझी चूक ती वाहतेय."

बदरुलने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. "झाम्रीला कोण सांगणार?"

"कोणी नको," मागून आवाज आला.

झाम्री ताटांची चळत हातात धरून उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने ताटं सावकाश टेबलावर ठेवली, एकही वाजलं नाही.

"मला दोनदा म्हणाली होती," तो म्हणाला. "फलाटावर जाण्याआधी एकदा, आणि मग फोनवर. म्हणाली, थोडी वर कर ना, पाय धरतो. मी म्हटलं, वर केली तर बेडकासारखी दिसेल." तो बदरुलकडे चालत गेला. कदिरवेल उठला, मधे पडावं लागेल म्हणून. पण झाम्रीने फक्त मेख उचलली, रंग अंगठ्याने पुसून पाहिला. गेला नाही.

"उद्या सकाळी आठ वाजता तयार राहा," तो मेव्हण्याला म्हणाला. "मी येतो बरोबर. आईला आज जेवू दे."

७

सोमवारी गुन्हा दाखल झाला, पण दुसऱ्याच्या नावावर. स्यू फाँगच्या शटरचं सील गुरुवारी निघालं. पुढच्या आठवड्यात लोगनने तिच्या दारात केळीचा घड बांधला आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फाशी रद्द! चहा कोण पाजतंय?" ती हसली, पण गॅरेजात बसवलेल्या प्रत्येक सेटच्या खाचेवर ती आता लाल रंग लावू लागली, आणि गिऱ्हाइकाला वाकायला लावून दाखवू लागली. ज्याला वाकायचा कंटाळा, त्याला ती दुसरं गॅरेज शोध म्हणायची.

कदिरवेलची गाडी तिने ऑइल बदलायला बळेच ठेवून घेतली. तो बाकावर बसला, उठला, फाटकापर्यंत गेला, परत आला.

"अंकल, स्वस्थ बसा ना. सीट साफ करते." तिने हिरवी उशी उचलली, झटकली. "मावशींचे गुडघे दुखायचे का?"

"तिचे? छे. कधी म्हणाली नाही."

"मग ही?"

"शिवणाचा नाद होता तिला."

स्यू फाँग आत गेली. कदिरवेल उशी हातात धरून उभा राहिला. शिवणाचा नाद होता खरा. पण घरात सोफ्यावर एकही उशी नव्हती. खुर्च्यांवर नव्हती. त्याच्या स्वतःच्या सीटवर नव्हती. गाडी घेतल्यापासूनच्या सोळा वर्षांत तिने एकच उशी शिवली होती, आणि ती डावीकडे ठेवली होती. तो दर वेळी म्हणायचा, ही कशाला मधेच.

त्याने गाडीचं डावं दार उघडलं. त्या सीटवर तो आजपर्यंत कधी बसलाच नव्हता. उशी ठेवली, वर बसला, उतरला. सहज उतरता आलं. मग, एकोणतीस वर्षांच्या सवयीने, त्याने दुसऱ्यांदा तपासलं. उशी काढली, बसला, उठायला गेला.

उठताना त्याला दार धरावं लागलं.